प्रेक्षकाची बखर : दूरदर्शनवरील विनोद, दुर्लक्षित चित्रपट आणि इतिहासाची साधने

१

साहित्याच्या इतिहासकाराला एक सोय सहजपणे उपलब्ध असते. वाचकाचा अभिप्राय आणि मूळ संहिता या दोन्ही गोष्टी त्याला समोरासमोर ठेवता येतात. एखाद्या विनोदी लेखसंग्रहाविषयी साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणी लिहिलेले पत्र हाती आले, तर तो संग्रह ग्रंथालयातून मागवून पत्रातील विधाने ताडून पाहता येतात. वाचकाने काय वाचले, काय गाळले, कशाला तो हसला आणि कशाकडे त्याने डोळेझाक केली, याचा अंदाज त्यातून बांधता येतो. दूरदर्शनवरील विनोदाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची स्थिती वेगळी आहे. त्याच्यापाशी अभिप्राय विपुल आहेत. परंतु ज्याविषयी ते अभिप्राय आहेत ती संहिता अनेकदा नाहीशी झालेली आहे. 'तसे कार्यक्रम आता होत नाहीत', 'तो विनोद निर्मळ होता', 'घरातील सगळे मिळून पाहत असू' अशी विधाने चाळिशी ओलांडलेल्या कोणाही प्रेक्षकाकडून ऐकावयास मिळतात. ही विधाने केवळ वैयक्तिक आवडीनिवडीची म्हणून बाजूला सारावीत, की इतिहासाचे साधन म्हणून ती हाताळावीत, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

मराठी इतिहासलेखनाला हा प्रश्न अपरिचित नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पानिपतपूर्व दशकातील पत्रांच्या त्या खंडाला जोडलेल्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची जी झाडाझडती घेतली, ती आपल्याकडील साधनचिकित्सेचा आरंभबिंदू मानली जाते. बखर ही घटनेनंतर पुष्कळ काळाने, आठवणीच्या आधारे आणि बहुधा कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली असते. तिच्यात सनावळीचा घोळ असतो, माणसांची अदलाबदल असते, प्रसंगांचा क्रम फिरलेला असतो. म्हणून ती अस्सल कागदावर घासून घेतली पाहिजे, हा राजवाड्यांचा आग्रह होता. पुढील अभ्यासकांनी या आग्रहाला एक जोड दिली. घटनेचा पुरावा म्हणून बखर अपुरी असली, तरी घटना समाजाच्या मनात कशी रुजली याचा ती भक्कम पुरावा असते. जुन्या मालिकांविषयी प्रेक्षक जे सांगतो त्याचे स्वरूप नेमके असेच आहे. ती प्रेक्षकाची बखर आहे. तिला अस्सल कागद मानणे जितके चुकीचे, तितकेच ती टाकून देणेही चुकीचे ठरेल. प्रश्न उरतो तो असा की, ती घासून घ्यावयाची कशावर?

या प्रश्नाचे एक उत्तर त्याच काळातील उपेक्षित चित्रपटांत सापडते, असे येथे मांडावयाचे आहे. ते का, हे स्पष्ट होण्यासाठी प्रथम संहितेच्या नष्ट होण्याचा विचार करावा लागेल.

२

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पहिल्या दशकातील त्याचे विनोदी कार्यक्रम मराठी रंगभूमीच्या अंगणातच वाढले होते. बबन प्रभू आणि याकूब सईद यांचे 'हास परिहास', विनायक चासकर यांच्या निर्मितीतील 'गजरा' यांसारख्या कार्यक्रमांत प्रहसनाची आणि एकांकिकेची परंपरा छोट्या पडद्याला जुळवून घेत होती. या कालखंडातील सर्वाधिक आठवली जाणारी मालिका म्हणजे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील 'चिमणराव-गुंड्याभाऊ'. दिलीप प्रभावळकर यांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ यांनी त्या पिढीच्या मनात अशी मुद्रा उमटवली की, चिं. वि. जोशी यांच्या कथा आज वाचतानाही अनेकांना तेच चेहरे दिसतात.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. चिमणरावाला त्यापूर्वीही पडद्यावरील देह मिळालेला होता. मास्टर विनायक यांच्या 'लग्न पहावं करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांची जोडी होती. म्हणजे एकाच पुस्तकी पात्राचे किमान दोन दृश्य अवतार मराठी प्रेक्षकाने पाहिले. परंतु १९४० च्या दशकातील प्रेक्षक आणि १९७० च्या दशकातील प्रेक्षक यांचे 'चिमणराव' एकमेकांना भेटत नाहीत. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ च्या कोन्स्टान्झ येथील व्याख्यानापासून मांडलेली अपेक्षाक्षितिजाची कल्पना येथे उपयोगी पडते. प्रत्येक पिढी कलाकृतीकडे स्वतःच्या पूर्वानुभवाने घडलेल्या अपेक्षा घेऊन येते. मालवणकरांचा चिमणराव पाहणाऱ्याने कथा मासिकांत आणि पुस्तकांत वाचलेल्या होत्या. प्रभावळकरांचा चिमणराव पाहणाऱ्या अनेकांनी कथा नंतर वाचल्या, काहींनी कधीच वाचल्या नाहीत. पहिल्यासाठी चित्रपट हे कथेचे रूपांतर होते, दुसऱ्यासाठी कथा ही मालिकेची तळटीप झाली.

या दोन क्षितिजांची तुलना करावयाची, तर मालिका पाहिली पाहिजे. आणि येथेच अडचण उभी राहते. त्या काळी ध्वनिचित्रफीत महाग होती आणि प्रक्षेपणानंतर ती पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम मुद्रित करणे ही नित्याची कार्यपद्धती होती. कार्यक्रम हा वर्तमानपत्रासारखा त्या दिवसापुरता आहे, अशी त्यामागील धारणा होती. हा दोष एकट्या दूरदर्शनचा नव्हे. ब्रिटिश प्रसारण संस्थेने म्हणजे बीबीसीनेही १९६० आणि १९७० च्या दशकांत असंख्य विनोदी कार्यक्रम पुसले. पीटर कुक आणि डडली मूर यांच्या 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' या मालिकेचा मोठा भाग असाच गेला. 'डॅड्स आर्मी' या लोकप्रिय मालिकेच्या १९६९ मधील दुसऱ्या पर्वाचे तीन भाग अजूनही सापडलेले नाहीत, आणि त्याच पर्वाचे दोन भाग २००१ साली सापडले तेही एका खाजगी संग्रहातून. त्या संस्थेने १९७८ च्या सुमारास जतनाचे धोरण गंभीरपणे अंगीकारले. हरवलेल्या भागांची यादी करणे, ती प्रसिद्ध करणे आणि लोकांना आपापले माळे धुंडाळावयास लावणे हा तेथे पुढे एक सार्वजनिक उद्योगच झाला. आपल्याकडे काय होते याची सविस्तर यादीच अभ्यासकाला सहज मिळत नाही, मग काय हरवले हे ठरवावयाचे कसे?

या संदर्भात चिं. वि. जोशी यांच्याविषयीची एक वस्तुस्थिती नोंदवण्याजोगी आहे. पालीचे अभ्यासक असलेले हे विनोदकार बडोदे संस्थानाच्या दप्तरखात्यात अधिकारी होते. जुने कागद जपणे, त्यांची वर्गवारी करणे हे त्यांचे नोकरीतील काम होते. ज्याने आयुष्यभर दप्तर सांभाळले, त्याच्या मानसपुत्राचा दूरदर्शनी अवतार मात्र बव्हंशी प्रेक्षकांच्या स्मरणाच्या हवाली झाला. १९७९ साली त्याच जोडीचा 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपट आला; मालिकेच्या मानाने तो फारसा आठवला जात नाही. आणि तरीही अभिनयाच्या अभ्यासासाठी हा विसरलेला चित्रपटच अधिक टिकाऊ साधन ठरतो, कारण तो चित्रपटाच्या फितीवर होता. लोकप्रिय ते पुसले गेले आणि दुर्लक्षित ते उरले, हा या क्षेत्राचा विचित्र नियम आहे.

३

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शनला रंग आणि राष्ट्रीय कार्यक्रमाचे जाळे मिळाले. 'हम लोग' ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षी 'ये जो है जिंदगी' ही प्रायोजित विनोदी मालिका आली. तिचे लेखन शरद जोशी या हिंदीतील ख्यातनाम व्यंगकाराचे होते, आणि तिच्या दिग्दर्शकांपैकी एक होते कुंदन शाह. १९८६ साली सईद अख्तर मिर्झा आणि कुंदन शाह यांची 'नुक्कड' आणि १९८८ साली आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवर आधारलेली, कुंदन शाह यांनीच दिग्दर्शित केलेली 'वागले की दुनिया' आली. 'जुन्या काळच्या चांगल्या विनोदी मालिका' असे प्रेक्षक म्हणतो, तेव्हा हिंदीपुरती त्याच्या मनात बहुतेक हीच नावे असतात.

आता दुसरी यादी पाहावी. कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारो' १२ ऑगस्ट १९८३ रोजी प्रदर्शित झाला. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या सुमारे सात लाख रुपयांत तो झाला होता. सईद मिर्झा यांचा 'मोहन जोशी हाज़िर हो!' १९८४ चा. चित्रपटाच्या इतिहासात हे दोन्ही 'समांतर चित्रपट' या कप्प्यात पडतात. मालिका 'करमणूक' किंवा 'जनसंपर्क माध्यमे' या कप्प्यात. पहिल्याचा अभ्यास चित्रपटाचे समीक्षक करतात, दुसऱ्याचा समाजशास्त्रज्ञ. आणि समाजशास्त्रज्ञांचे लक्ष स्वाभाविकपणे 'रामायण', 'महाभारत' यांच्या राजकीय परिणामांकडे गेले. पूर्णिमा मानकेकर (१९९९) आणि अरविंद राजगोपाल (२००१) यांच्या महत्त्वाच्या ग्रंथांची दिशा तीच आहे. विनोदी मालिकेला त्या मानाने गंभीर वाचक मिळाला नाही.

कप्पे वेगळे असले तरी माणसे तीच आहेत. सतीश शाह यांनी 'जाने भी दो यारो'मध्ये आयुक्त डिमेलोची भूमिका केली. तिचा मोठा भाग त्यांनी प्रेत होऊन केला. शवपेटीतून द्रौपदीच्या वस्त्रांपर्यंत त्या प्रेताची जी परवड होते, तिच्यातच चित्रपटाचा विनोद आहे. पुढच्याच वर्षी 'ये जो है जिंदगी'मध्ये हाच नट दर आठवड्याला नव्या इसमाच्या रूपाने त्या दांपत्याच्या दारात उभा राहू लागला. एकच देह आणि त्याच्यावर चढणारी नाना सोंगे हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे. चित्रपटात सत्ताधारी माणूस मेल्यावरही त्याचा वापर थांबत नाही. मालिकेत शहरातील प्रत्येक उपटसुंभ एकाच चेहऱ्याचा निघतो. पंकज कपूर यांचे उदाहरणही बोलके आहे. ज्या नटाने १९८३ साली लाच देणारा बिल्डर तरनेजा उभा केला, त्यानेच २००१ पासून 'ऑफिस ऑफिस'मध्ये कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणारा मुसद्दीलाल साकारला. लाचेच्या व्यवहाराच्या दोन्ही टोकांना एकच चेहरा दिसतो.

हे धागे इतिहासग्रंथांत तुटलेले असले, तरी प्रेक्षकाच्या मनात जोडलेले असतात. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात दूरचित्रवाणीच्या 'प्रवाहा'ची कल्पना मांडली. प्रेक्षक सुटा कार्यक्रम पाहत नाही. एकातून दुसऱ्यात वाहत जाणारी सलग संध्याकाळ पाहतो, असा तिचा आशय आहे. विल्यम्स यांनी तत्पूर्वी १९६८ ते १९७२ अशी चार वर्षे 'द लिसनर'मध्ये दूरचित्रवाणीवर सदर लिहिले होते, म्हणजे हा सिद्धांत नियमित प्रेक्षकाच्या अभिप्रायांतूनच उगवला होता. मुंबई दूरदर्शनच्या प्रेक्षकाच्या आठवड्यात शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी चित्रपट आणि मधल्या दिवसांत मालिका अशी व्यवस्था होती. चित्रपट आणि मालिका त्याला एकाच खोलीत, एकाच पेटीतून, त्याच शेजाऱ्यांसोबत भेटत. 'जाने भी दो यारो' चित्रपटगृहात फारसा चालला नाही. बहुसंख्य प्रेक्षकांपर्यंत तो पुढे दूरदर्शनवरील प्रक्षेपणांतून आणि व्हिडिओ कॅसेटमधून पोहोचला. अशा प्रेक्षकाने 'नुक्कड'मधील खोपडी आणि गुरू आधी पाहिले आणि विनोद-सुधीर ही छायाचित्रकारांची जोडी नंतर. निर्मितीचा क्रम चित्रपटाकडून मालिकेकडे जातो, ग्रहणाचा क्रम मालिकेकडून चित्रपटाकडे. म्हणून या कालखंडाचा इतिहास केवळ प्रदर्शनाच्या तारखांनी लिहिला, तर तो कोणत्याच प्रत्यक्ष प्रेक्षकाचा इतिहास होणार नाही.

४

येथवर प्रेक्षकाच्या बखरीचे बळ पाहिले. आता तिची चिकित्सा करावयास हवी.

या बखरीतील सर्वांत रूढ विधान म्हणजे त्या काळचा विनोद 'निर्मळ' होता. निर्मळ म्हणजे अश्लीलतेपासून मुक्त, कोणालाही न बोचणारा, घरातील ज्येष्ठांसह पाहता येईल असा. यातील पहिला आणि तिसरा अर्थ बऱ्याच अंशी मान्य करण्यास हरकत नाही. दुसऱ्या अर्थाविषयी मात्र शंका घ्यावी लागते. 'वागले की दुनिया'तील विनोद कोठून निर्माण होतो? तुटपुंज्या पगारात भागवणारा, वरिष्ठांपुढे नमणारा, शेजाऱ्यांशी तुलना टाळू न शकणारा एक नोकरदार प्रत्येक आठवड्याला एखाद्या क्षुल्लक गोष्टीसाठी झगडतो आणि बहुधा हरतो. 'नुक्कड'मधील माणसे कामधंद्याच्या शोधात, उधारीवर आणि एकमेकांच्या आधाराने जगतात. चौकाच्या पलीकडे त्यांना जाता येत नाही, कारण पलीकडे त्यांच्यासाठी जागाच नाही. ही सगळी टंचाईची कथानके आहेत.

विशेषतः जागेची टंचाई. मुंबईतील घराचा प्रश्न या विनोदाच्या मुळाशी आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. उत्पन्न नाही म्हणून मालक डागडुजी करीनात आणि भाडे कमी म्हणून भाडेकरू जागा सोडीनात. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ स्थापावे लागले. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याने मोकळी जमीन बाजारात येण्याऐवजी खटल्यांत आणि सवलतींच्या अर्जांत अडकली. बिल्डर आणि सरकारी अधिकारी यांच्यातील व्यवहाराला त्यातून नवे क्षेत्र मिळाले. सिमेंट नियंत्रणाखाली होते आणि त्याच्या वाटपाच्या प्रकरणावरून जानेवारी १९८२ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना, बॅ. अंतुले यांना, पद सोडावे लागले. त्याच महिन्यात गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. 'जाने भी दो यारो'तील उड्डाणपूल, सिमेंट, बिल्डर आणि आयुक्त हे सर्व या वास्तवातून आलेले आहेत. त्या काळच्या मुंबईकर प्रेक्षकाला त्यांचा संदर्भ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

'मोहन जोशी हाज़िर हो!' या बाबतीत अधिकच थेट आहे. भीष्म साहनी आणि दीना पाठक यांनी रंगवलेले वृद्ध दांपत्य मोडकळीला आलेल्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी मालकाला न्यायालयात खेचते. खटला वर्षानुवर्षे चालतो, वकिलांची भरभराट होते, शेजारी त्यांची टर उडवतात. अखेर न्यायाधीश पाहणीस येतात, त्या वेळी मालकाने इमारतीला तात्पुरते टेकू देऊन रंगसफेती करून ठेवलेली असते. ती सजावट खोटी आहे हे दाखवण्यासाठी म्हातारा ते टेकूच ओढू लागतो. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो कुटुंबकल्याणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा. प्रशासनाने या कडवट उपरोधाला कोणत्या खात्यात बसवले, हे पाहिले म्हणजे त्या चित्रपटाचेच एखादे दृश्य पुढे चालू असल्यासारखे वाटते.

मालिका आणि चित्रपट असे शेजारी ठेवले की, 'निर्मळ' या विशेषणाचे कार्य ध्यानात येते. ते विशेषण विनोदाचे वर्णन करत नाही. विनोदातून काय गाळले गेले ते सांगते. 'जाने भी दो यारो'विषयी कोणाही प्रेक्षकाला विचारावे, तो महाभारताच्या प्रयोगातील गोंधळाचा प्रसंग खुलवून सांगेल. प्रेताला द्रौपदी समजून चाललेली ओढाताण, संहिता सोडून पळणारी पात्रे, मध्येच शिरणारा अकबराचा दरबार हे सारे त्याला पाठ असते. चित्रपटाचा शेवट मात्र पुष्कळांच्या सांगण्यात येत नाही. भांडणारे बिल्डर, नवा आयुक्त आणि 'खबरदार'ची संपादिका अशी सर्व मंडळी परस्परांत तडजोड करतात. पूल पडल्याचा दोष दोन निरपराध छायाचित्रकारांवर येतो. कैद्यांच्या पोशाखात ते मुंबईच्या रस्त्यावर येतात आणि प्रेक्षकांकडे वळून गळा चिरल्याची खूण करतात. आशावादाचे समूहगीत म्हणून शाळाशाळांतून शिकवले गेलेले 'हम होंगे कामयाब' या शेवटाच्या पार्श्वभूमीवर ऐकू येते, तेव्हा ते उपहासाचे हत्यार झालेले असते. भक्ती बर्वे यांनी रंगवलेली संपादिका या शेवटाच्या केंद्रस्थानी आहे. 'ती फुलराणी'च्या आठवणीत रमणाऱ्या मराठी प्रेक्षकाने त्यांची ही थंड, हिशेबी भूमिका जवळजवळ विस्मरणात टाकावी, हे त्याच निवडक स्मरणाचे आणखी एक उदाहरण होय.

प्रसंग लक्षात राहतो आणि शेवट विसरला जातो, याला केवळ स्मरणशक्तीचा दोष म्हणता येणार नाही. मालिकेच्या सवयीने घडलेला प्रेक्षक चित्रपटातूनही मालिकेचा भाग उचलतो. मालिकेला शेवट नसतो. वागळे या आठवड्यात हरला तरी पुढच्या आठवड्यात तो पुन्हा त्याच खुर्चीत बसलेला दिसतो. पराभव कायमचा नसण्याची ही हमी हाच दूरदर्शनी विनोदाचा दिलासा होता. चित्रपटाने ती हमी काढून घेतली. प्रेक्षकाने आपल्या बखरीत ती पुन्हा घालून घेतली. म्हणूनच चित्रपटाची उरलेली प्रत येथे कागदपत्राचे काम करते. 'आपण तेव्हा निर्धास्त हसत होतो' असे बखर म्हणते, आणि ज्याला हसत होतो ते निर्धास्त नव्हते, अशी साक्ष प्रत देते.

५

'दुर्लक्षित' या शब्दाचीही या निमित्ताने फोड करावयास हवी. 'जाने भी दो यारो' समीक्षकांनी दुर्लक्षिला नव्हता. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार त्याला मिळाला. तिकीटखिडकीने त्याच्याकडे पाठ फिरवली. 'चिमणराव-गुंड्याभाऊ' मालिकेची गोष्ट उलट आहे. तिला प्रेक्षक मिळाला, समीक्षकाने तिची गंभीर दखल घेतली नाही आणि जतनयंत्रणेने तिला वाऱ्यावर सोडले. 'मोहन जोशी हाज़िर हो!'ला पुरस्कार मिळाला, परंतु प्रेक्षकाच्या बखरीत त्याला जवळजवळ ओळही मिळाली नाही. बाजार, समीक्षा, दप्तर आणि स्मरण ही उपेक्षेची चार स्वतंत्र केंद्रे आहेत. एखाद्या कृतीविषयी 'ती उपेक्षित राहिली' असे म्हणताना यांपैकी कोणत्या केंद्राने तिची उपेक्षा केली हे सांगितले नाही, तर त्या विधानाला इतिहासात काही अर्थ उरत नाही.

या चारांपैकी स्मरण हे एकच केंद्र असे आहे की, जे इतरांचा निर्णय फिरवू शकते. 'जाने भी दो यारो'ची नव्याने सिद्ध केलेली प्रत नोव्हेंबर २०१२ मध्ये चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाली, ती सुमारे तीन दशकांच्या प्रेक्षकस्मरणाच्या बळावर. २०२० च्या टाळेबंदीत 'रामायण', 'महाभारत' यांच्यासोबत 'देख भाई देख', 'श्रीमान श्रीमती' यांसारख्या १९९० च्या दशकातील विनोदी मालिकाही दूरदर्शनने पुन्हा दाखवल्या आणि एप्रिल २०२० मध्ये 'डीडी रेट्रो' ही स्वतंत्र वाहिनी काढली. २०२१ साली 'वागले की दुनिया' नव्या पिढीच्या रूपाने एका खाजगी वाहिनीवर पुन्हा सुरू झाली. या पुनरागमनाचे स्वागत करताना एक गोष्ट विसरता कामा नये. जे टिकून होते तेच परत येऊ शकले. पुसलेल्या फितींतील विनोदाला हे भाग्य नाही. परिणामी नव्या पिढीच्या दृष्टीने 'जुना दूरदर्शन' म्हणजे १९८४ नंतरचा हिंदी दूरदर्शन होऊन बसतो. त्यापूर्वीच्या दशकात मुंबई केंद्रावर मराठीत जे घडले ते इतिहासाच्या उंबरठ्याबाहेर राहते. वागळे हा मराठी आडनावाचा नोकरदार हिंदीत अखिल भारतीय सामान्य माणूस झाला. त्याचा थोरला भाऊ शोभावा असा चिमणराव मात्र मराठीतच राहिला आणि त्याची फीतही राहिली नाही. या दोघांमधील नाते दाखवणारा दुवा आज फक्त ज्यांनी दोघांनाही पाहिले अशा प्रेक्षकांपाशी आहे.

त्यामुळे प्रेक्षकाचा अभिप्राय गोळा करण्याचे काम रसिकतेच्या हौसेपुरते राहू नये. १९७७ साली तिशीत असलेला प्रेक्षक आज ऐंशीच्या आसपास आहे. त्याच्याशी बोलताना 'कोणती मालिका आवडली' हा प्रश्न सर्वांत कमी उपयोगाचा ठरेल, कारण त्याचे उत्तर ठरलेले आहे. संच कोणाच्या घरी होता, खोलीत किती माणसे होती, कोणी दारातून पाहत असे, कोणत्या वाक्याला घरातील कोण हसत नसे, भाग संपताना काय झाले, चित्रपटाचा शेवट कसा होता, हे प्रश्न विचारले पाहिजेत. मिळालेली उत्तरे उपलब्ध प्रतींवर, वृत्तपत्रांतील कार्यक्रमपत्रिकांवर, जुन्या नियतकालिकांतील परीक्षणांवर आणि नटांच्या व निर्मात्यांच्या आठवणींवर घासून घेतली पाहिजेत. दोन साक्षी जुळतात तेथे घटना हाती लागेल. त्या जुळत नाहीत तेथे घटनेचे समाजाने काय केले ते हाती लागेल, आणि विनोदाच्या इतिहासात हा दुसरा लाभ पहिल्याइतकाच मोलाचा आहे.

मराठी विद्यापीठीय समीक्षेने विनोदाचा विचार प्रामुख्याने कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. देशपांडे या लेखकांच्या परंपरेने केला. ही परंपरा पुस्तकांच्या कपाटात संपत नाही. ती नभोवाणीत, रंगभूमीवर आणि १९७२ नंतर दूरदर्शनच्या संचात गेली. तेथून हिंदीत गेली. त्या प्रवासातील एका मोठ्या टप्प्याची संहिता आज केवळ पाहणाऱ्यांच्या सांगण्यात शिल्लक आहे. एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने एका जिल्ह्यापुरते जरी हे सांगणे नोंदवून, तारखांसह आणि परस्परांशी ताडून प्रसिद्ध केले, तरी या विषयाच्या साधनांचा पहिला खंड सिद्ध होईल. पुढचे खंड त्यानंतर काढता येतील. पहिल्याला मात्र फार वेळ उरलेला नाही.